खालचा थर

माझं लूप पेडल साधं आहे. पाय दिला की लाल दिवा लागतो आणि वाजवलेलं टिपलं जातं. पुन्हा पाय दिला की दिवा हिरवा होतो आणि तेच फिरून फिरून वाजत राहतं. त्यावर थरावर थर चढवायचे. चुकलं तर पाय दाबून धरायचा, वरचा थर निघून जातो.

दुपारी गिटारचे थर चढवत होतो, तेवढ्यात लूपमध्ये बायको बोलली. “अहो, बघा ना कोण आलंय.”

“अगं, रेकॉर्डिंग चालू असताना कशाला बोलतेस?” मी ओरडलो.

“मी कुठे बोलले?” ती स्वयंपाकघरातून म्हणाली. “कान तपासून घ्या एकदा!”

वैतागून मी तो थर काढला. आवाज तसाच. गिटार काढली, टेबलावरचा ठेका काढला. सगळे थर गेले, तरी हिरवा दिवा जळत होता आणि लूपमध्ये फक्त ती होती.

पुढच्या फेरीत तिच्यामागून माझाच आवाज आला. “आलो, आलो.” मग कडी सरकली. मग पुन्हा ती, घाबरलेली. “अहो, नका...” आणि फेरी पहिल्यापासून सुरू.

मी पेडलची वायर उपटली.

दारावरची बेल वाजली.

“अहो, बघा ना कोण आलंय.”

“आलो, आलो.” सवयीनं तोंडून गेलं आणि सवयीनंच हातानं कडी सरकवली. तेव्हा कुठे भानावर आलो आणि मागे वळलो.

वायर जमिनीवर पडली होती. पेडलवर लाल दिवा जळत होता.

बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. माझ्या खांद्यावरून पलीकडे बघत तिनं बोलायला तोंड उघडलं.