आइसक्रीमला जाऊ

दाताच्या दवाखान्याचं नाव काढलं की तिशीची गतिमंद लेक घर डोक्यावर घ्यायची. म्हणून आई "आइसक्रीमला जाऊ" अशी थाप मारून तिला बाहेर काढायची. तिथे दोघंतिघं मिळून तिला खुर्चीत दाबून धरायचे. रडारडीत आइसक्रीम राहूनच जायचं.

या वेळी डॉक्टरीणबाई नवीन होत्या. त्यांनी सुई आधी लेकीलाच दाखवली. "टोचेल, दुखेलही. तुम्ही हात वर केलात की मी थांबेन."

लेकीने लगेच हात वर केला. बाई खरंच थांबल्या. मग लेकीने आपणहून तोंड उघडलं.

दाढ निघाली. आईचे डोळे भरून आले. "शहाणं गं माझं बाळ. चल, आइसक्रीमला जाऊ."

लेक खुर्चीतून हलली नाही. तिने हळूच डॉक्टरीणबाईंना विचारलं, "आई खरं बोलतेय का?"