आठपटीची दुर्बीण

घिवलीची वत्सला बोईसरच्या दुकानात बारापटीची दुर्बीण डोळ्यांना लावून होडीत उभी असल्यासारखी डुलू लागली. दुकानदार हसला, “मावशी, चक्कर येते काय?” समोरची पाटी नुसती नाचत होती. तिनं छोटी आठपटीची मागितली; तिच्यातून डुलतानाही अक्षर न् अक्षर वाचता आलं. गावाची जाळी फाडून पळणाऱ्या ट्रॉलरचा नंबर आणा, तरच तक्रार घेऊ, असं मत्स्य खात्याच्या साहेबांनी बजावलं होतं. “खारं पाणी उडालं तर पदरानं घासू नका, काचेला चरे पडतील, गोड्या पाण्यात भिजवलेल्या फडक्यानं टिपा,” दुकानदारानं समजावलं. सोबत आलेल्या नवऱ्यानं दुर्बीण घ्यायला हात पुढे केला. तिनं एकवीरेचं नाव घेऊन पट्टा स्वतःच्या गळ्यात अडकवला. “उद्या होडीत मीपण येते.” “येडी हायस काय? बाई होडीत चढत नाय!” “फाटलेलं जाळं बाईनंच सांधायचं, आन् फाडणारा बाईनं बघायचा नाय?”