दोन मिनिटांचा थांबा

कासमने रुळांच्या सांध्याचा दांडा दोन्ही हातांनी धरला, तेव्हा गाडी यायला चार मिनिटं होती.

गाडी येण्याआधी दांड्याला हात लावायची मनाई होती. ठाकुरवाडीच्या खाली, घाटाच्या उतारावर, मुख्य लाइनीतून एक जादा लाइन फोडलेली होती. मुख्य लाइन खाली कर्जतकडे उतरायची. ही जादा लाइन उलटी डोंगरावर चढायची आणि मातीच्या ढिगाऱ्यात संपायची. सांधा कायम हिच्याकडे लावलेला. उतरणाऱ्या गाडीनं अलीकडे पुरतं थांबायचं, शिटी द्यायची, मग सांधेवाल्यानं दांडा ओढून तिला खालची वाट मोकळी करायची. एखादी गाडी ब्रेक सुटून आलीच, तर ती आपसूक डोंगर चढून थांबावी, अशी साहेब लोकांची योजना. एकोणीस वर्षांत तशी गाडी आली नव्हती. जादा लाइनीवर गंज चढला होता. गाडी थांबेपर्यंत काहीही न करणं, हे कासमचं काम होतं, आणि ते तो चोख करी.

आज गाडीत त्याचे गुरू शाहसाहेब असणार होते. पुण्याहून तसं कार्ड आलं होतं.

इन्फ्लुएंझाच्या साथीत कासमची बायको आणि दोन मुलं एकाच आठवड्यात गेली. खालापुरात त्याच्या दाराशी कोणी फिरकेना. शाहसाहेब आले, त्याच्या शेजारी चटईवर नऊ दिवस बसले आणि एक शब्द बोलले नाहीत. ती सगळी कसर त्यांनी पुढची आठ वर्षं भरून काढली. हस्ती, म्हणजे असणं, एकच आहे, कासम. जे आहे ते तोच आहे, दुसरं काही नाहीच. याला वहदतुल वजूद म्हणतात, हेही त्यांनी सांगितलं. दाखला समुद्राचा आणि लाटेचा देत. कासमने समुद्र पाहिला नव्हता, त्यामुळे मान हलवणं सोपं जाई. शिकवण किती समजली ते अल्लाला ठाऊक. उपकार मात्र पुरते समजले होते.

शाहसाहेब आता सत्तरीचे. कंबर गेलेली. उतारावर गाडी थांबताना असा हिसका बसे की धडधाकट माणूसही समोरच्याच्या मांडीवर जाई. म्हणून कासमने ठरवलं होतं, आजची गाडी थांबणार नाही. वाट आधीच मोकळी दिसली की ड्रायव्हर तसाच पुढे जाईल. नोकरी गेली तर जाईल. त्या नऊ दिवसांपुढे नोकरी काय?

त्यानं दांडा अर्धा ओढला.

जवळच रुळांखालच्या लाकडी स्लिपरांच्या ढिगावर गँगमन पोशा ठाकर विडी ओढत बसला होता. शाहसाहेबांची शिकवण कासमकडून त्याला रोज ऐकावी लागे. विडी कासमची असल्यामुळे तो हरकत घेत नसे. आज गाडीआधीच दांडा कसा, असं त्यानं विचारलं. कासमने सांगून टाकलं.

पोशाने धूर सोडला.

"माजी बाईल चिंधी चैतात याच गाडीत व्हती. प्वार आडवं आलेलं. कर्जतच्या डाक्तराकडं नेत व्हतो. तवा तू थांबवलीसच की रं."

"नियम होता, पोशा."

"नियमाचं काय नाय. वाचली ती. पन तू रोज सांगतोस, सगळा त्योच हाय, दुसरा कोन नाय. मंग त्या दिशी डब्यात कोन व्हता?"

पोशा भांडत नव्हता. त्याला खरोखरच जाणून घ्यायचं होतं, आणि विडी अजून अर्धी शिल्लक होती.

कासम उत्तर शोधू लागला. चिंधीच्या डब्यात तो नव्हता म्हणावं, तर शाहसाहेब खोटे पडत होते. होता म्हणावं, तर एकोणीस वर्षं आपण त्यालाच रोज हिसका देत आलो, आणि आज त्याची कंबर बघून सवलत देतो आहोत. आठ वर्षं हललेली मान आज पहिल्यांदा हलेना.

त्यानं दांडा पुन्हा मागे लोटला. सांधा जागेवर बसला.

गाडी वळणावर दिसली ती थांबलीच नाही. शिटी एकसारखी किंचाळत होती, चाकांखालून ठिणग्या उडत होत्या. ती सांध्यावर आली आणि गंजलेल्या रुळांवरून डोंगर चढू लागली. चढता चढता दमली. शेवटी इंजिनाचं नाक मातीला लागलं, तेवढंच. योजना उपयोगी पडली, याचं सगळ्यात जास्त आश्चर्य योजनेलाच वाटलं असेल.

ड्रायव्हर उतरला आणि रुळावरच बसला. खालच्या लाइनीचं पुढचं वळण दरीच्या काठावर होतं. पोशाने विडी विझवली.

कासम धावत वर गेला. पहिल्या डब्यात एक भटजी पगडी शोधत होते, पगडी त्यांच्या डोक्यावर होती. दुसऱ्यात एक म्हातारी सुटलेल्या कोंबड्या धरत होती आणि इंजिनाला शिव्या देत होती. कपाळं फुटली होती, दात हलले होते, गेलं कोणीच नव्हतं. शाहसाहेब कुठंच नव्हते. शेवटच्या डब्यात एक बाई सुन्न बसली होती. तिचं तान्हं खाली पडून टाहो फोडत होतं. कासमने ते उचललं. आठ वर्षांत त्यानं मूल उचललं नव्हतं. काही वेळानं ते निवांत झालं. आई भानावर आली, तिनं हात पुढे केले, तरी द्यायला त्याला जरा वेळ लागला.

दुसऱ्या दिवशी त्याच वेळची गाडी आली. हिसका देऊन थांबली. खिडकीतून शाहसाहेबांनी कंबर धरूनच डोकं बाहेर काढलं. काल लोणावळ्याला ते नमाजासाठी उतरले होते आणि गाडी निघून गेली होती. घडलेलं सगळं त्यांच्या कानावर आलं होतं. त्यांचे डोळे भरले.

"एवढा प्रसंग आला, कासम, आणि मी गाडीत नव्हतो."

कासमने दांडा ओढला आणि हिरवं निशाण उघडलं.

"होतात की, साहेब," तो म्हणाला. "शेवटच्या डब्यात. फार रडत होतात, म्हणून मी कडेवर घेतलं."