उतरलेला पंचम

कपाळावरच्या पट्टीने मोजलेला शांततेचा आकडा सत्तरला पोचल्याशिवाय घरी बसवलेला केमोचा पंप सुरू होत नसे. शरयूचा आकडा बासष्टवर अडकला होता, आणि आजचा डोस हुकला तर पुढचा थेट महिन्याने.

पडद्यावरची बाई तंबोऱ्याचा सूर लावून म्हणाली, "श्वास सोडा. फक्त तंबोरा ऐका."

"पंचम उतरलाय," शेजारी बसलेला तिचा नवरा पुटपुटला. मुकुंदरावांनी मिरजेत चाळीस वर्षं तंबोरेच जुळवले होते.

अठ्ठावन्न.

"अहो, गप्प बसा ना."

"अगं, कानाला टोचतंय. मी आपला तंबोरा आणतो."

त्रेपन्न.

"काका, तुम्ही बाहेर थांबता का?" बाई गोड आवाजात म्हणाली. "तुम्ही बोललात की त्यांचा आकडा पडतो. मागच्या तिन्ही वेळा हेच झालंय."

मुकुंदरावांनी शरयूकडे पाहिलं. तिने डोळे उघडले नाहीत.

"जा ना," एवढंच म्हणाली.

ते दार ओढून बाहेरच्या खोलीत बसले. पाच मिनिटांतच आतून पंपाची घरघर सुरू झाली.

त्यांनी कोपऱ्यातला तंबोरा मांडीवर घेतला. दाराला कान लावून पंचमाची खुंटी जराशी सैल केली. मग आणखी जराशी, आतल्या सुराइतकी उतरेपर्यंत.