सहा ते सात

सहा वाजले आणि निहारने चहाचे आधण ठेवले. अडीच वर्षांच्या ओवीने मागून त्याची पँट ओढली.

"पापा, कॉम," ती पाळणाघरातल्या जर्मनमध्ये ‘ये’ म्हणाली. तिच्या हातात लाकडी गाय होती. तिला गायीसाठी गोठा बांधून हवा होता.

"थांब सोन्या, काका बसलेत ना."

ती थांबली नाही. गाय घेऊन एकटीच आतल्या खोलीत गेली. सात वाजता ती झोपत असे. निहारची बायको मीनल नोकरीसाठी सोमवार ते गुरुवार बाड हॉम्बुर्गला राही. त्यामुळे जर्मनीतल्या कोलोनच्या या घरात बापलेकीला दिवसाचा एवढा एकच तास मिळत होता. गेले तीन महिने तो चहात जात होता.

पुष्कर खिडकीपाशी खुर्चीत बसला होता. कोट घडी घालून मांडीवर घेतलेला. पुण्याच्या वसतिगृहापासूनचा हा मित्र आता इथल्या विद्यापीठात प्रबंध लिहीत होता. माणसे अपुरी म्हणून ओवीचे पाळणाघर तीनलाच बंद होऊ लागले, तेव्हा तीन ते सहा तिला सांभाळशील का, असे निहारने संकोचत त्याला विचारले होते. मुलांच्या सांभाळाचा खर्च निहारची कंपनी देत असे. अट एवढीच, की सांभाळणाऱ्याशी रीतसर करार हवा. करारावर दोघांची नावे आली. निहारच्या नावाखाली छापले होते, मालक. सही करताना त्याला पुष्करकडे पाहवले नाही.

पहिल्या दिवशी सहाच्या ठोक्याला पुष्कर उठला, तसा निहार त्याच्या आडवा आला. काम संपले म्हणून मित्राला दारातून वाटेला लावायचे?

"अरे, चहा घेऊन जा."

"राहू दे रे. उगाच कशाला?"

"उगाच काय? कामाचा गडी आहेस का तू? बस गुपचूप."

पुष्कर बसला. तेव्हापासून रोज बसत होता.

चहा नुसता चहा नसे. मग बिस्किटे येत, मग मेसमधल्या त्याच पाणीदार आमटीच्या त्याच गोष्टी. पुष्कर योग्य जागी हसे. मध्येच तो "आल्झो… बरं तर," म्हणून गुडघ्यांवर तळवे टेकवी. निहारला वाटे, बिचाऱ्याला रिकाम्या खोलीवर जायचे जिवावर येते आहे. तो डबा पुढे सरकवी. आतून ओवीचे गायीशी चाललेले जर्मन बोलणे ऐकू येई. हळूहळू ते थांबे. पुष्कर गेल्यावर निहार आत जाई, तेव्हा ती गालिच्यावरच झोपलेली असे. उचलताना ती त्याला रोज किंचित जड लागे. तिचे वाढणे त्याच्या पाठीमागे चालले होते.

एकदाच त्याने धीर केला. सहाला आधण ठेवलेच नाही. हात धुतले, पुसलेला ओटा पुन्हा पुसला. पुष्कर कोट मांडीवर घेऊन बसून राहिला. दहा मिनिटे दोघांनी घड्याळाची टिकटिक ऐकली. मित्र चहाची वाट पाहतो आहे आणि आपण त्याला एक कप चहा नाकारतो आहोत, या विचाराने निहारला स्वतःची शरम वाटली. त्याने घाईने पातेले चढवले. पुष्करने दीर्घ श्वास सोडला. निहारने तो समाधानाचा मानला.

आज कंपनीला तासांचे तक्ते हवे होते. तीन महिन्यांचे, दोघांच्या सह्यांनिशी. निहार ते भरायला विसरला होता, म्हणून पुष्करनेच भरून आणले होते. त्याने पिशवीतून कागद काढून ओट्यावर ठेवले.

"नीट वाच, मग सही कर."

"तू लिहिलंयस ना? मग वाचायचं काय त्यात?"

"तरी वाच. परदेशी विद्यार्थ्यांचे तास मोजतात रे इथं. कामात गेलेला एकही तास गाळू नका, असं विद्यापीठातल्या बाईंनी बजावलंय. मी काही गाळलेलं नाही."

"केवढा गंभीर झालायस," निहार हसला. "आलं घालू ना?"

"घाल," पुष्कर म्हणाला, आणि त्याने घड्याळाकडे पाहिले.

निहारने कागद उचलले. अक्षर तेच होते, ज्यातल्या वह्या उतरवून तो एकेकाळी पास झाला होता. जर्मन नेहमीसारखे अचूक. तारीख, वेळ, काम. पाळणाघरातून आणणे. बाग. फळे आणि दूध. गायीचा गोठा बांधणे. त्या ओळीवर निहारची नजर क्षणभर अडकली. आतून ओवीचा आवाज आता येत नव्हता.

त्याखाली प्रत्येक दिवसाला आणखी एक ओळ होती. त्याने पान उलटले. पहिल्या दिवसापासून ती होती. ज्या दिवशी आधण उशिरा ठेवले, त्या दिवशीही होती, फक्त दहा मिनिटे वाढवून. त्याने शेवटचे पान काढले. आजच्या तारखेपुढची शाई केव्हाच वाळली होती, आणि पातेल्यातला चहा अजून उकळलाही नव्हता.

‘१८.०० ते १९.०० : मालकासोबत चहा.’