परतीची बंदी

“हिचं नाव काढा मॅडम,” रुपराव वर्गाच्या दारातूनच म्हणाले. “मले नाही पाठवाचं हिले जपानले.”

जपानी भाषेच्या वर्गातल्या सगळ्या माना वळल्या. काजलला मेल्याहून मेल्यासारखं झालं. नर्सिंग झाल्यावर तिला तिकडच्या वृद्धाश्रमात काम मिळालं होतं. भाषेची परीक्षा तेवढी उरली होती. बाबा काटोलहून बस पकडून थेट शहरातल्या वर्गात येऊन धडकतील, असं तिच्या स्वप्नातही नव्हतं.

“बसा काका. तास संपला की बोलू,” अदिती मॅडम म्हणाल्या.

रुपराव शेवटच्या बाकावर टेकले, पण बूड ठरेना. खांद्यावरचा दुपट्टा कधी या गुडघ्यावर, कधी त्या. पुढे काजलच्या वहीत एक अक्षर धड उमटत नव्हतं.

मॅडम जुन्या जपानबद्दल सांगत होत्या. दोनशेहून जास्त वर्षं तो देश दाराला कडी लावून बसला होता. आत नाटकं रंगली, चित्रकला बहरली, शहरं गजबजली. पण बाहेर गेलेल्याला परतीची बंदी. कायद्यात थेट देहदंड. वादळानं परमुलखाला लागलेले कोळीसुद्धा घरी यायला धजत नसत.

“कोनीच नाही आलं?” रुपराव उभे राहिले होते.

“काही जण आले, काका.”

“जीव जाईन हे मालूम असून?”

“हो.”

रुपरावांचा आवाज खाली आला. “माहा पोरगा पुन्यात हाये मॅडम. त्याले कोनाची बंदी नाही. त्याच्या मायच्या तेरवीनंतर घराकडं फिरकला नाही.”

काजल उठून त्यांच्याजवळ गेली. “बाबा, मी येईन ना.”

“त्यानंबी असंच म्हटलं होतं वं.”

रुपराव फळ्यावरच्या अनोळखी अक्षरांकडे वळले.

“घरी परत आल्यावर काय म्हनते तिकडं?”

“तादाइमा,” काजल म्हणाली. “म्हणजे, मी आले.”

“आन् घरात जो वाट पाहून राहिला, तो?”

“तो म्हणतो, ओकाएरी. आलीस, ये.”

“ओका...” रुपराव अडखळले. पुन्हा म्हणून पाहिलं. पुन्हा अडखळले. मग दुपट्टा सारखा करून खाली बसले.

“नाव राहू द्या मॅडम हिचं,” ते म्हणाले. “हा शब्द बराबर म्हनता येईपर्यंत मलेबी इथं बसू द्या.”