कटाउटमधला कागद

"रेस दे, जयरामदादा," लडकू मिस्त्री म्हणाला.

जयरामने मूठ पिळली. अंगणातली जुनी येझदी थरथरली, कोंबड्या पांगल्या. हेडलाइट मात्र होता तसाच पिवळा राहिला.

"चार्जिंग नाय," लडकूने निकाल दिला. "बॅटरी काल दुकानात भरली म्हणून चालू तरी झाली. किन्हवलीच्या पुढं बंद पडंल."

दिपिकाने पॅड छातीशी धरलं. तिचा बारावीचा पेपर शहापूरला होता, अकराला. सव्वानऊ होऊन गेले होते.

"एसटीनं जाईल ती," कमळ म्हणाली. लडकूचे पाने तिच्या हातात होते.

"बापाची गाडी दारात असताना पोरगी एसटीत लोंबकळंल?" जयराम बायकोकडे न बघता म्हणाला. "तू पाने दे."

संक्रांतीपासून ही तिसरी वेळ. लडकूने डायनॅमोचे कार्बन बदलले, वायरी बदलल्या, बॅटरी भरून दिली. गावातल्या गावात आठ दिवस बरे जायचे, मग पुन्हा तेच. हे कुणाचं तरी काम आहे असं जयरामचं मत होतं, आणि नावंही तयार होती: शेजारचा चांगो, कारण त्याला गाडी मागूनही दिली नव्हती, आणि मेहुणा, कारण त्याला दिली होती. संशय घेताना जयराम डावंउजवं करत नसे. फक्त बावीस वर्षं दर रविवारी गाडीपाशी उकिडवी बसून, मागायच्या आधी बरोबर नंबरचा पाना पुढे करणारी बाई त्या यादीत नव्हती. पाने देणाऱ्याला कोण मोजतो?

लडकूने डायनॅमोच्या वायरीला बल्ब लावला. तो लख्ख पेटला.

"डायनॅमो ठणठणीत. करंट निघतो, बॅटरीपर्यंत पोचत नाय. म्हंजे बॅटरीला करंट जोडतो तो मधला कटाउट." त्याने इंजीन बंद करून हात पुढे केला. कमळने स्क्रू-ड्रायव्हर दिला, पण जरा उशिरा.

सीटखालची पत्र्याची डबी उघडली. कटाउटचे दोन पॉइंट जिथे एकमेकांना टेकायचे, तिथे कागदाची घडी अडकवलेली होती. चारपदरी. कडा सरळ.

"उंदीर?" दिपिकाने विचारलं.

"तुमचा उंदीर कातर वापरतो काय गो?"

जयरामचं तोंड लाल झालं. "कोण तो सापडू दे नुसता. हात ठेवायचो नाय जाग्यावर."

लडकूने चिमट्याने घडी ओढून काढली. किक मारली, रेस दिली. हेडलाइट पिवळ्याचा पांढरा झाला. जयराम लहान पोरासारखा हसला आणि टांग टाकून गाडीवर बसला.

"चल गो. अर्ध्या तासात शहापूर."

दिपिका मागे बसली. लडकू कागद उकिरड्यावर भिरकावणार, एवढ्यात कमळ बोलली.

"टाकू नका, लडकूभाऊ. कॅलेंडरचा कागद हाय तो. यांनाच द्या. तारीख वाचू दे."

लडकूने तिच्याकडे पाहिलं, मग हातातल्या घडीकडे. घडी अजून उलगडलेली नव्हती. कागद उलगडून त्याने जयरामच्या हातात ठेवला.

अंगठ्याएवढा लाल आकडा होता. जयरामने कागद हातभर लांब धरला. नाकापाशी आणला. उन्हाकडे तिरका केला.

"एक," तो म्हणाला. "एक तारीख. बरोबर! एक तारखेला चांगो आला होता आपल्याकडं."

इंजीन सुरेख चाललं होतं.

बापाच्या खांद्यावरून दिपिकाला आकडा सरळ दिसत होता. ती गाडीवरून उतरली.

"बाबा," ती म्हणाली, "नऊ हाय."

जयरामने कागद पुन्हा एकदा नाकापाशी नेला. मग कमळ उभी होती त्या बाजूला त्याने तोंड वळवलं. तिने मान खाली घातली नाही.

त्याने चावी फिरवली. गाडी बंद झाली.

"आता कशाला बंद केलीस, दादा?" लडकूने विचारलं. "चार्जिंग झकास हाय."

"हिच्या आवाजात एसटीचा हॉर्न ऐकू येत नाय," जयराम म्हणाला. "पावणेदहाची अजून गेली नसंल."

चौघंही रस्त्याकडे कान लावून उभी राहिली.